सोलापुरातल्या नव्या घरात चित्र कसं लावावं

सोलापुरात नवा फ्लॅट घेतला की पैसे एका ठरलेल्या क्रमाने संपतात. आधी किचन ट्रॉली, मग वॉर्डरोब, मग हॉलचं पीओपी आणि टीव्ही युनिट. वास्तुशांत तोंडावर येते तेव्हा सोफ्यामागची भिंत उघडी असल्याचं कुणाच्या तरी लक्षात येतं. मग नवी पेठेत चक्कर होते आणि सोफ्याच्या रंगाला जुळणारे धावते घोडे घरी येतात. घोड्यांशी माझं वैर नाही. पण ते आले तेव्हा वायरिंग झालेलं असतं, स्पॉट लाइट भलतीकडे लागलेला असतो आणि एसीचा पाइप नेमका त्याच भिंतीतून गेलेला असतो. पहिलं घर सजवणाऱ्यांना माझा एकच आग्रह असतो: चित्र वायरिंगच्या आधी ठरवा. निदान कोणत्या भिंतीवर किती मोठं काही लागणार, एवढं तरी. त्याच बजेटात घर वेगळं दिसतं. पुढचे टप्पे त्या क्रमाने आहेत.

१. आधी घरातलं बाहेर काढा

दुकानात जाण्याआधी माळ्यावरची ट्रंक उघडा. आजीचं इरकल, लग्नातला शेला, आजोबांचा स्टुडिओत काढलेला फोटो, मुलीची इंटरमिजिएट परीक्षेच्या तयारीतली चित्रं, कुणीतरी बिदरहून आणलेली बिद्रीची (काळ्या धातूवर चांदीचं जडावकाम) सुरई. यातलं काहीतरी घरात हमखास असतं आणि कुणी त्याला कला म्हणत नाही. सगळं पलंगावर मांडा, मोजा, फोटो काढून ठेवा. निम्म्या घरांची गरज इथेच भागते.

जुन्या फोटोंच्या बाबतीत एक पथ्य पाळा. मूळ फोटो चांगल्या स्कॅनरवर स्कॅन करून घ्या, भिंतीवर त्याची प्रत लावा आणि मूळ कागद अंधाऱ्या, कोरड्या कपाटात ठेवा. फोटो फिकट होऊ लागला की तो परत येत नाही.

२. भिंतीची चौकशी करा

इथे घाई करू नका. सकाळी, दुपारी आणि पाचच्या सुमारास ऊन कुठवर येतं ते बघा आणि पेन्सिलने खूण करा. थेट ऊन पडतं त्या भिंतीवर जलरंग, छापील चित्र किंवा नैसर्गिक रंगांचं कापड लावू नका. उत्तरेच्या खिडकीतून ऊन येत नाही, असं बरेच जण ठामपणे सांगतात. सोलापूर साधारण साडेसतरा अंश अक्षांशावर आहे. मेच्या दुसऱ्या आठवड्यात इथे शून्य सावलीचा दिवस येतो, म्हणजे भरदुपारी सूर्य नेमका डोक्यावर असतो, आणि त्यानंतर जुलैअखेरपर्यंत माध्यान्हीचा सूर्य किंचित उत्तरेकडे असतो. उन्हाळ्यात तो उगवतो आणि मावळतोही उत्तरेकडे झुकून. त्यामुळे मे-जूनमध्ये सकाळ-संध्याकाळी उत्तरेच्या खिडकीतूनही तिरपं ऊन आत शिरतं. डिसेंबरात पाहून ठरवलेली जागा मेमध्ये फसवते ती अशी.

पश्चिमेची बाहेरची भिंत तर वेगळंच प्रकरण. एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ च्या पुढे गेला की संध्याकाळी सातला त्या भिंतीवर हात ठेवून बघा. आतल्या बाजूलाही ती कोमट लागते. तिथे कॅनव्हास सैल पडतो आणि कागद सुकून कडक होतो. त्या भिंतीला धातू, दगड किंवा भाजलेल्या मातीची कामं द्या.

आता कूलर. कोरड्या हवेचं आपलं गाव, त्यामुळे कूलर घरोघरी. खिडकीतल्या कूलरचा झोत ज्या भिंतीवर आपटतो, तिथला कागद रात्री ओल धरतो आणि दिवसा सुकतो. दोन उन्हाळ्यांत फ्रेमच्या आत कागदाला लाटा येतात, पुढे तपकिरी ठिपके. कूलरची जागा बदलता येत नसेल तर चित्राची बदला. बाथरूमला लागून असलेली भिंतही अशीच. तिथे प्लंबिंगचे पाइप आत असतात, म्हणून ओलीची आणि ड्रिलची अशी दुहेरी भीती.

शहराच्या पूर्व भागात ज्यांच्या घरात किंवा भिंतीपलीकडे यंत्रमाग आहे, त्यांना निराळं काही सांगायला नको. मागाच्या ठोक्याने फ्रेम आठवड्याभरात तिरकी होते आणि सुताचे बारीक तंतू काचेवर बसतात. अशा घरात एका हुकाऐवजी दोन हुक, फ्रेमच्या खालच्या कोपऱ्यांत रबराचे चिकट ठोकळे आणि साधी काच. ॲक्रिलिक नको. ते पुसलं की त्यावर स्थिर वीज तयार होते आणि ते तंतू आणखीच ओढून घेतं.

३. एकच भिंत निवडा

नवखे लोक प्रत्येक खोलीत काहीतरी लावतात आणि कुठेच नजर ठरत नाही. घरात शिरल्यावर पहिली दिसते ती भिंत, किंवा तुम्ही रोज चहा घेता त्या जागेसमोरची भिंत, या दोनांपैकी एक पक्की करा. मी दुसरी निवडतो. पाहुणे महिन्यातून एकदा येतात, चहा रोज दोनदा होतो.

टीव्ही असलेल्या भिंतीवर चित्र नको. टीव्ही चालू असताना ते दिसत नाही, बंद असताना काळ्या चौकोनाशेजारी केविलवाणं दिसतं. त्या भिंतीवरचं एखादं लूव्हर (उभ्या पट्ट्यांचं) पॅनेल कमी करून ते पैसे समोरच्या भिंतीसाठी राखून ठेवा, म्हणजे चित्रासाठी वेगळं बजेट शोधावं लागत नाही.

देवघराची आणि हार घातलेल्या फोटोंची जागा घरातली वडीलधारी मंडळी सांगतील तशी ठेवा. दिशांवरून वाद घालू नका. घरात इतर भिंती आहेत.

४. कापडापासून सुरुवात करा

सोलापूरकराने पहिली भिंत कापडाने सजवावी, असं माझं मत आहे. कापड इथेच विणलं जातं, ते समजणारी माणसं इथे आहेत, आणि मोठ्या आकाराची मूळ कलाकृती एवढ्या कमी पैशात दुसरीकडे मिळणं अवघड. शिवाय रिकाम्या फ्लॅटमध्ये व्हिट्रिफाइड फरशीमुळे जो आवाज घुमतो तो जाड कापडाने बराच कमी होतो.

सोलापुरी चादर हातात घेऊन नीट बघा. जॅकार्ड मागावर विणलेल्या या दुहेरी कापडात नक्षी दोन्ही बाजूंना येते, फक्त रंगांची अदलाबदल होते. एका बाजूला मरून जमिनीवर पांढरा मोर, तर उलट बाजूला पांढऱ्या जमिनीवर मरून मोर. म्हणजे एका चादरीत दोन चित्रं आहेत. उन्हाळ्यात फिकी बाजू बाहेर आणि थंडीत गडद, असं आलटून पालटून लावता येतं. चादरीला भौगोलिक मानांकन आहे, तरी नावाखाली बाहेरचा मालही खपतो. विणकर संस्थेच्या किंवा खात्रीच्या जुन्या दुकानातून घ्या. कडेचे काठ सरळ आहेत का आणि नक्षी मध्येच तुटली नाही ना, हे चादर पूर्ण उलगडूनच बघा. दुकानदार कुरकुर करेल, करू द्या.

चादर भिंतीला फार मोठी होत असेल तर खास भिंतीसाठी विणलेली वॉल हँगिंग घ्या. देवदेवता, शिवराय, निसर्गदृश्य असे विषय सोलापूरचे कारागीर हातमागावर विणतात. यातलं चांगलं काम ओळखायचं असेल तर चेहऱ्यातल्या डोळ्यांजवळ बघा. गोलाई सुताच्या पायऱ्यापायऱ्यांनी काढावी लागते, आणि कसलेल्या विणकराच्या हातून त्या पायऱ्या चार फुटांवरून दिसेनाशा होतात.

लावायची पद्धत महत्त्वाची. कापडाला खिळे ठोकू नका आणि पडद्याच्या क्लिपांनी लटकवू नका. वजन चार ठिकाणी आलं की कापड तिथे ओघळतं. त्याऐवजी मांजरपाटाची चार इंच रुंद पट्टी धुऊन, आटवून घ्या. ती कापडाच्या मागच्या बाजूला, वरच्या काठाखाली हाताने शिवून नेफा करा. टाका मागच्या थरातूनच घ्या, पुढे दिसता कामा नये. मांजरपाट थोडा सैल ठेवा, म्हणजे आतल्या दांडीचा फुगवटा पुढे उमटत नाही. दांडी ॲल्युमिनियमची किंवा पॉलिश केलेल्या लाकडाची. कच्च्या लाकडातला डिंक कापडावर उतरतो. दांडीची दोन टोकं दोन ब्रॅकेटवर टेकवली की वजन सगळ्या रुंदीत सारखं विभागलं जातं, आणि चादर उलटायची झाली तर नेफा उसवून दुसऱ्या बाजूला शिवायला तासाभराचं काम. मोर पुढे आणायचा की मागे, यावरून घरात मतभेद होतात, ते वेगळं.

जुनं इरकल किंवा पैठणी असेल तर मात्र ती फ्रेममध्येच जावी. सगळी साडी नको, पदर पुरे. तो कापूही नका. उरलेली साडी मागच्या बाजूला मऊ सुती कापडाच्या गुंडाळीवर घडी न घालता ठेवता येते, एवढी खोल फ्रेम सुताराकडून करून घ्या. जरीचं कापड काचेला टेकता कामा नये.

५. चित्र कुठून आणायचं

शाळांतले चित्रकला शिक्षक हा सोलापुरातला सर्वात दुर्लक्षित खजिना आहे. बऱ्याच जणांच्या घरी जलरंगातली निसर्गचित्रं गुंडाळून पडलेली असतात. सिद्धेश्वर तलाव, भुईकोट किल्ल्याचे बुरूज, महापालिकेची इंद्रभुवनची इमारत, नान्नजचं माळरान. विचारायला संकोच करू नका, आणि घासाघीसही करू नका. चित्राच्या मागे सही, वर्ष आणि कागदाचं नाव त्यांच्याच हाताने लिहून घ्या.

घरात तेलुगू बोलली जात असेल तर तेलंगणातल्या चेरियालची पटचित्रं जरूर बघा. लाल जमिनीवरची ही चित्रं गावोगाव कथा सांगण्यासाठी काढली जात, आणि पद्मशाली समाजासाठी मार्कंडेय ऋषींची कथा असलेले लांबच लांब पट असत. नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाचा रथ ओढणाऱ्या घरात हे चित्र परकं वाटणार नाही. मुस्लिम घरांत सुलेखन भिंतीवर असतंच. विजापूर सोलापूरपासून शंभरएक किलोमीटर; इब्राहिम रोजाच्या दगडी जाळ्यांतली अक्षरं एकदा बघून या, मग चकचकीत सोनेरी प्लास्टिकची अक्षरं घ्यावीशी वाटणार नाहीत.

छापील प्रत घ्यायलाही हरकत नाही, फक्त काय घेतोय ते माहीत असावं. राजा रविवर्म्याचं निधन १९०६ सालचं, त्यामुळे त्याची चित्रं कुणीही छापू शकतं. छपाई चांगली आहे का एवढंच बघा. एम. एफ. हुसेन आपल्या पंढरपूरचे, जन्म १९१५ चा. पण त्यांचं निधन २०११ मध्ये झालं आणि भारतात स्वामित्वहक्क निधनानंतर ६० वर्षं राहतो. रस्त्यावर मिळणारे त्यांचे घोडे बहुधा विनापरवाना असतात. शेकडो रुपयांत 'ओरिजिनल' कुणी देत नाही.

६. स्वतःचा फोटो छापताना

गड्ड्याच्या यात्रेत काढलेला नंदीध्वजांचा फोटो मोठा करून लावायची इच्छा बऱ्याच जणांना असते. उत्तम कल्पना. फक्त तो व्हॉट्सॲपवरून आलेला नसावा. तिथे फोटो दाबून लहान केला जातो आणि मोठ्या कागदावर नंदीध्वजाच्या काठीला करवतीसारख्या कडा दिसतात. ज्याने काढला त्याच्या फोनमधून मूळ फाइल घ्या, नाहीतर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा. साधारण ४००० बाय ३००० पिक्सेलचा फोटो जवळून बघायच्या फ्रेमसाठी १३ बाय १० इंचांपर्यंत अगदी स्वच्छ येतो. सोफ्यामागे लांबून बघायचा असेल तर दुप्पट, २६ बाय २० इंचही चालतो. त्यापुढे ताणू नका. कागद मॅट घ्या. चकचकीत कागदावर ट्यूबलाइट दिसते, नंदीध्वज दिसत नाही.

७. फ्रेमवाल्याकडे

बहुतेक चांगली चित्रं फ्रेममध्येच खराब होतात. फ्रेमवाल्याला पहिली गोष्ट सांगा: चित्र प्लायवर चिकटवायचं नाही. फेव्हिकॉलने चिकटवलेला कागद पुन्हा निघत नाही. चित्र वरच्या बाजूने फक्त दोन पातळ कागदी पट्ट्यांवर लटकवायचं, आणि त्या पट्ट्या गव्हाच्या चिकाच्या खळीने लावायच्या. कुरडयांचा चीक तोच. पुढे कधी काढायचं झालं तर ओलसर ब्रशने पट्टी सुटते.

माउंट, म्हणजे चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट, ॲसिड-फ्री मागा. साध्या माउंटची आतली कापलेली कड काही वर्षांत तपकिरी पडते आणि तीच रेघ चित्रावर उमटते. माउंटमुळे काच आणि चित्र यांत हवेचा थर राहतो, तोच खरा उपयोग. फोटो काचेला चिकटला तर तो सोडवताना वरचा रंगाचा थर काचेवरच राहतो. मागची बाजू कागदी टेपने पूर्ण बंद करा, नाहीतर कसर आत शिरते. एमडीएफची फ्रेम पावसाळ्यात ओल्या भिंतीला लावली की फुगते. सागाची महाग पडत असेल तर ॲल्युमिनियमची घ्या.

मोल्डिंग, म्हणजे फ्रेमची पट्टी, निवडताना सोफा विसरा. फ्रेम चित्राची असते. सोफा आठ-दहा वर्षांत बदलेल.

८. उंची आणि खिळा

आपल्याकडे चित्रं फार वर लावली जातात, बहुधा देवाच्या तसबिरींची सवय. उभं राहून बघायच्या जागी, म्हणजे पॅसेजमध्ये किंवा दारासमोर, चित्राचा मध्य जमिनीपासून १४५ ते १५० सेंटिमीटरवर ठेवा. बसून बघायच्या खोलीत त्याहून १०-१५ सेंटिमीटर खाली. सोफ्याच्या किंवा दिवाणाच्या पाठीपासून फ्रेमच्या खालच्या कडेपर्यंत वीतभर जागा सोडा आणि फ्रेमची रुंदी सोफ्याच्या साधारण दोन तृतीयांश. दिवाणाला पाठ नसेल तर जरा जास्त वर घ्या, नाहीतर खोबरेल तेलाचा डाग भिंतीवरून फ्रेमवर चढतो.

जुना 'संचार' पेपर फ्रेमच्या मापाने कापून भिंतीवर टेपने लावा आणि दोन दिवस तसाच राहू द्या. घरातला प्रत्येक जण त्याला हलवायला सांगेल. कागद हलवणं फुकट आहे.

ड्रिल करण्याआधी स्विचबोर्ड बघा. वायर बहुधा बोर्डाच्या सरळ वर, खाली किंवा आडवी जाते. ती पट्टी सोडून द्या. भोक पाडताना पडणारा भुगा भिंत कसली आहे ते सांगतो. लाल असेल तर वीट, गिट्टी (भोकात बसवायचा प्लग) आणि स्क्रू बिनधास्त धरतो. पांढरट आणि मऊ असेल तर एएसी, म्हणजे हलक्या काँक्रीटचे ब्लॉक. तिथे ड्रिलचा हॅमर मोड बंद करा आणि ब्लॉकसाठीची लांब नायलॉनची गिट्टी वापरा, साधी सुटून येते. भुग्याऐवजी मातीच पडायला लागली, तर जुन्या माळवदी घराची दगड-मातीची भिंत आहे. तिथे ड्रिल थांबवा. आधीच्या लाकडी खुंट्या, तुळया आणि कोनाडे वापरा. बिद्रीच्या सुरईला कोनाड्याहून चांगली जागा नाही. तिला घासायची पावडर मात्र लावू नका, तिचा काळा रंग हाच तिचा दागिना.

भाड्याचं घर असेल आणि मालक खिळा मारू देत नसतील तर फ्रेम शोकेसवर किंवा बुटक्या कपाटावर भिंतीला टेकवून ठेवा. खाली रबर लावा. चिकटपट्टीचे हुक डिस्टेंपरवर टिकत नाहीत, रंगाच्या पापुद्र्यासकट खाली येतात.

९. दिवा

हे वाचताना पीओपी व्हायचं असेल तर नशीबवान आहात. चित्रावरचा स्पॉट भिंतीपासून किती लांब, याचा सोपा हिशेब असा: छताच्या उंचीतून चित्राच्या मध्याची उंची वजा करा आणि ०.५८ ने गुणा. छत साडेनऊ फुटांवर आणि मध्य पाच फुटांवर असेल तर दिवा भिंतीपासून साधारण अडीच फुटांवर. एवढ्या कोनात काचेवरची चमक डोळ्यात येत नाही. एलईडीच्या खोक्यावर ३००० के (उबदार पिवळसर उजेड) आणि सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचं माप) ९० किंवा जास्त असं छापलेलं बघून घ्या. सीआरआय कमी असेल तर चादरीतला मरून विटकरी दिसतो. जलरंगावर मात्र स्पॉट कायम चालू ठेवू नका. त्याला वेगळं बटण द्या.

१०. देखभाल

काच पुसताना फवारा कापडावर मारा, काचेवर नको. पाणी कडेने आत झिरपतं. कापडाच्या हँगिंगवर पातळ जाळी धरून व्हॅक्यूम फिरवा, झटकू नका. पाऊस आपल्याकडे बेताचा, तरी ऑगस्ट-सप्टेंबरात एकदा सगळ्या फ्रेम उतरवून मागची बाजू बघा. वाळवीची मातकट रेघ फ्रेमच्या मागूनच वर चढते, समोरून दिसत नाही. दिवाळीच्या आधी रंगारी येणार असेल तर कापड आणि चित्रं तुम्हीच उतरवून ठेवा, त्याच्यावर सोपवू नका. गिट्ट्यांवर टेप लावायला सांगा. नाहीतर तो भोकांत लांबी (पुट्टी) भरून भिंत गुळगुळीत करून देतो, आणि खिळ्याची जागा पुन्हा शोधत बसावं लागतं.